'मिळालं' असं लिहा

सह्या गोळा करायच्या कामात माझा हात चांगला बसलेला होता. रॉकेल, रेशनची ज्वारी, एस.टी.चा थांबा, मुलींच्या वसतिगृहातलं पाणी, ज्यावर म्हणून निवेदन निघू शकतं त्या सगळ्यावर मी सह्या घेतल्या होत्या. त्यामुळं साताऱ्यात एका सकाळी जीपच्या भोंग्यातून "सहीचा भव्य कार्यक्रम" हे शब्द कानावर आले तेव्हा मला वाटलं, दुसरा कुठला तरी गट आपल्याला न विचारता निवेदन घेऊन उतरलाय. फलक रंगवायचा ब्रश तसाच ठेवून मी रस्त्यावर आले.

निवेदन नव्हतंच. सिनेमातला एक नट येणार होता. तिकीट काढून आत जायचं, रांगेत उभं राहायचं, आणि तो आपल्या फोटोवर स्वतःच्या हातानं सही करून देणार. जमा होईल ते सगळं जवानांच्या मदतीला. शेवटी भोंगा अगदी गळा फाडून म्हणाला, "आणि बंधुभगिनींनो, साताऱ्याहून सांगली, आणि सांगलीहून थेट सरहद्दीवर, आपल्या शूर जवानांच्या भेटीला!"

एकाहत्तरची लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत. ज्यांची माणसं परत आली नाहीत त्यांच्या बायका कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसून होत्या, आणि त्याच कचेऱ्यांतले साहेब ह्या कार्यक्रमाच्या खुर्च्या कुणाला कुठं द्यायच्या ह्यात गुंतले होते. मी त्या दिवशीच पत्रक लिहायला घेतलं. मथळा होता, 'पडद्यावरचा सुभेदार आणि पायरीवरची विधवा'. हा नट मराठी पडद्यावरचा ठरलेला फौजी. प्रत्येक चित्रात वर्दी, प्रत्येक चित्रात शेवटी आईच्या मांडीवर डोकं. खऱ्या आयुष्यात ह्यानं एन.सी.सी.सुद्धा केलेली नाही, असं मी पत्रकात ठोकून दिलं. कुठून कळलं ते विचारू नका. आम्ही चौघं जण होतो, मागून आणलेलं सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, आणि त्याची शाई नखांतून निघत नसे. त्या वर्षी माझी नखं कायम काळीच होती. थकवा यायचाच. पण तो अंगाचा आहे असं मी धरून चालले होते.

रविवारी गावी गेले. आमचं गाव पाटणच्या अलीकडं, नदीच्या काठाला. चुलीपुढं काकू कारळं भाजत बसली होती आणि घरभर तो करपट खमंग वास होता. शेजारी मांजरपाटाचा धुतलेला तुकडा, सुई-दोरा, कॉपिंग पेन्सिल.

"आलीस व्हय. बरं झालं," काकू म्हणाली. "शिवून झालं की ह्यावर पत्ता लिव. तुजं अक्षर चांगलं हाय."

"कुणाबरोबर पाठवतेस?"

"त्यो चाललाय न्हवं तिकडं."

"कोण तो?"

"त्यो. पिच्चरमधला."

हसावं की ओरडावं मला कळेना. आमच्याकडं रीत आहे. सुट्टी संपवून कुणी पलटणीत परत निघाला की आदल्या दिवशी त्याच्या दारात आसपासच्या बायका पुडकी घेऊन येतात. चटणी, लोणचं, बेसनाचे लाडू, कापडात शिवून, वर नाव, नंबर, पलटण. तो माणूस कुरकुरतो, "मावशे, ट्रंकत माजी कापडं तरी ठिवू का नगं?" असं म्हणतो, आणि सगळी घेतो. तिकडं गेल्यावर ज्याचं त्याच्या हातात देतो. पुढच्या सुट्टीत येऊन सांगतो, बरा हाय, वाळलाय, मिशी काढलीया. एवढं सांगेपर्यंत पुडकं पोचलं असं कुणी धरत नाही. ह्याला कुणी कधी उपकार म्हटलेलं मी ऐकलं नाही. जो तिकडं चाललाय त्यानं न्यायचं, संपलं. आणि भोंग्यानं तर गावोगाव सांगितलं होतं की हा माणूस थेट सरहद्दीवर चाललाय.

"काकू, तो नट आहे."

"मला ठावं हाय नट हाय. नट असला म्हणून काय, हात न्हाईत व्हय त्याला?"

ओसरीवरून काकांचा आवाज आला. ते दोर वळत बसले होते. "तिला सांग, तितं जाऊन मोर्चाबिर्चा काढू नगस म्हणावं. कुटं काय बोलावं ह्याची पोच न्हाई पोरीला."

काकू कारळं हलवत हळूच म्हणाली, "पोच कुणाला हाय ह्या घरात."

मला ते नेमकं लागलं, कारण तिला कुठली पोच म्हणायची होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझा चुलतभाऊ, तिचा एकुलता एक, दोन वर्षांपूर्वी गुऱ्हाळावर चार माणसांत काकांनी कानाखाली वाजवली म्हणून निघून गेला आणि परस्पर भरती झाला. तेव्हापासून पत्र नाही. लढाईत तो जिवंत राहिला हेही आम्हाला दुसऱ्या कुणाच्या तरी पत्रातून कळलं. सुट्टी मिळाली तरी तो गावाकडं फिरकला नाही. काकूनं दोनदा टपालानं डबा पाठवला. परत आला नाही, पोचही आली नाही. त्याच्या पलटणीतलं आमच्या बाजूचं दुसरं कुणी नव्हतं. तिला फार काही नको होतं. कुणीतरी चटणी त्याच्या हातात द्यावी, त्याचं तोंड बघावं आणि येऊन सांगावं. एवढ्याशा गोष्टीला दोन वर्षांत माणूस मिळाला नव्हता. आता भोंग्यानं एक माणूस आणून दिला होता.

मी पत्ता लिहिला. न लिहून काय करणार होते?

कार्यक्रम एका टॉकीजमध्ये होता, दुपारच्या उन्हात. आम्ही फाटकाशी पत्रकं घेऊन उभे. इस्त्रीचे सदरे, गजरे, स्वाक्षरीच्या गुळगुळीत वह्या छातीशी धरलेल्या कॉलेजातल्या मुली, हे सगळं आम्ही धरूनच आलो होतो. आम्ही धरलं नव्हतं ते म्हणजे पुडकी. कोरेगावाकडून, फलटणाकडून, पाटणाकडून एस.टी. येऊन थांबे आणि तिच्यातून बायका उतरत, प्रत्येकीच्या काखेत मांजरपाटाचं शिवलेलं काहीतरी. काकू एकटी नव्हती. भोंग्यातल्या त्या एका वाक्यानं सगळा जिल्हा चुलीपुढं बसवला होता.

मी पत्रकं वाटत होते. एका बाईनं माझ्या हातातून तीन घेतली. मला बरं वाटलं. मग तिनं ती तिच्या पुडक्याला, जिथून तेल पाझरत होतं तिथं, घट्ट गुंडाळली आणि म्हणाली, "अजून एक दे गं." मी दिलं. 'पायरीवरची विधवा' हे शब्द त्या तेलात हळूहळू पारदर्शक होत गेले.

दारावर बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक होता. "पुडकी बाहेर ठेवा, आत फक्त माणसं," असं तो सगळ्यांना सांगत होता.

"बाहीर ठिवायला आलोय व्हय आमी?"

"मावशी, इथं फक्त सही मिळणार आहे."

"सही तर पायजेच की. सहीबिगर कुनाच्या हातात देतंय कोन?"

एवढ्यात काकूनं मला पाहिलं आणि गर्दीवरून हाक मारली. "अगं ए, हिकडं ये. ह्यो मला आत सोडंना. तुजं ते बोल की जरा." घरी माझ्या ज्या बोलण्याला सगळे कंटाळलेले असत, ते इथं तिला हवं होतं. मी बोलले. नागरिकांचे हक्क, जनतेचा पैसा, कुणाच्या बापाचं टॉकीज, सगळं बोलले. स्वयंसेवक बाजूला झाला. मागून बायकांचा लोंढा पुडक्यांसकट आत गेला, आणि ज्या कार्यक्रमाविरुद्ध मी पत्रक काढलं होतं त्यात मी स्वतः, बिनतिकिटाची, काकूचा पदर धरून शिरले.

पडद्यासमोरच्या चौथऱ्यावर टेबल होतं. टेबलामागं तो. खाकी वर्दी, खांद्यावर पितळ, चेहऱ्यावर पावडर आणि पावडरीतून वाहणारा घाम. शेजारी फोटोंचा गठ्ठा. तो मान वर न करता फोटो ओढायचा, 'सप्रेम' लिहायचा, सही करायचा, मान वर करून हसायचा, पुन्हा मान खाली. ते हसू दर वेळी तेवढंच. रांगेतल्या मुली त्याच्यासमोर येऊन गप्प होत. एकीनं एवढंच कसंबसं विचारलं, "तुम्ही खरंच त्या पुलावरून उडी मारलीत?" तो म्हणाला, "मारली ना." ती वही छातीशी धरून उतरली. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

काकूची पाळी आली. त्यानं फोटो ओढला.

"फोटू नगं," काकू म्हणाली आणि पुडकं टेबलावर ठेवलं.

त्यानं वर पाहिलं. "आई, हे काय आणलंत? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाटी न्हाई. माज्या ल्योकासाटी."

मागं हशा पिकला. काकू हसली नाही. "तुमी तिकडं निघालाय म्हणून आणलंय. ह्यावर त्याचं नाव हाय, नंबर हाय. त्याच्या हातातच द्या. दुसऱ्या कुनाकडं देऊ नका. आन् त्याचं तोंड बगून या. कसा हाय काय हाय, येवडं सांगितलं की झालं."

त्यानं शेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजर म्हणाला, "घ्या, घ्या. रांग पुढं सरकू द्या."

मग तो उभा राहिला. पुडकं दोन्ही हातांत घेतलं, छातीला लावलं आणि आख्ख्या थेटराला ऐकू जाईल अशा त्या ओळखीच्या आवाजात म्हणाला, "पोचवतो, आई. नक्की पोचवतो."

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. त्याच्या प्रत्येक चित्रात हा प्रसंग असतो, आणि आज तो तिकिटाच्या पैशांत डोळ्यांसमोर मिळाला. माझ्या मनात संतापाची नवी चार वाक्यं तयार झाली. काकूवर मात्र टाळ्यांचा काही परिणाम झाला नाही.

"मग सही करा," ती म्हणाली.

"करतो की." त्यानं फोटो घेतला, 'सप्रेम' असं लिहू लागला.

"सप्रेम नगं. 'मिळालं' असं लिवा."

"काय?"

"'मिळालं'. आन् खाली तुमची सही. पोच नगं व्हय?"

त्यानं 'सप्रेम' खोडलं, 'मिळालं' असं लिहिलं आणि खाली त्याची ती लांब शेपटीची सही केली. काकूनं फोटो उलटसुलट करून पाहिला, शाई वाळेस्तोवर फुंकर घातली आणि खाली उतरली.

तिच्या मागची बाई म्हणाली, "मला बी तसंच. 'मिळालं'." आणि तिच्या मागची. टेबलावर पुडकी चढत गेली. कारळं, लसूण, कैरीचं लोणचं, वासानं थेटराचं स्वयंपाकघर झालं. मॅनेजर रुमालानं वारा घेत होता. मागं अडकलेली एक मुलगी वैतागून म्हणाली, "ओ मावशी, हा काय पोस्टाचा डबा आहे?" तर पुढची म्हातारी मागं वळून म्हणाली, "त्याला येवडं तोंड हाय, डब्याला कुटं असतंय?" पुन्हा हशा. नट मान खाली घालून लिहीत होता, मिळालं, मिळालं, मिळालं. आता तो हसायचा थांबला होता, एवढं मी पाहिलं.

काकू परतीच्या एस.टी.त बसताना म्हणाली, "माणूस बरा वाटला." मी म्हणाले, "माणूस नाही, नट आहे." ती म्हणाली, "तुजं एक हायच."

पुढच्या आठवड्यात आम्ही उरलेली पत्रकं घेऊन सांगलीला गेलो. कराड, मलकापूर, इस्लामपूर, प्रत्येक थांब्यावर एस.टी. उकळत उभी राही आणि मांडीवरचा गठ्ठा घामानं भिजे. मला त्या प्रवासात पहिल्यांदा वाटलं की हे वाचणार कोण आहे. मी ते कुणाला बोलले नाही. आमच्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

सांगलीत नाटकाचं वेड जुनं. तिथले लोक सही घेण्याआधी नटाचे उच्चार तपासून घेतात. कार्यक्रम नाटकाच्या थेटरात होता, शिस्तीत, खुर्च्यांना नंबर. बाहेर जीप फिरत होती. मी भोंगा ऐकत उभी राहिले. भव्य कार्यक्रम, स्वतःच्या हातानं सही, जवानांना मदत. आणि संपलं. मी दुसऱ्या फेरीची वाट पाहिली. पुन्हा तेच. 'थेट सरहद्दीवर' हे वाक्य त्यातून गळालं होतं.

मी पत्रकं आमच्या चौघांतल्या एका मैत्रिणीच्या हातात दिली आणि थेटराला वळसा घालून मागच्या दारानं रंगपटात गेले. दार उघडं राहावं म्हणून त्याला एक पोतं लावलेलं होतं. पोत्यातून कारळ्याचा वास येत होता. बाहेरच्या अंगाला मुंग्यांची रांग.

"हे साताऱ्याचं ना?" मी तिथल्या कपडेपटवाल्याला विचारलं.

"असंल. मोटारीत वास मारतोय म्हणून हितं टाकलंय. न्या की, पायजे तर."

आत आरशासमोर तो बसला होता. वर्दी खुंटीला, अंगात बनियन, उजवा हात मनगटापर्यंत कोमट पाण्याच्या घमेल्यात. पावडरीशिवाय तो माझ्या काकांच्या वयाचा दिसत होता.

"सही नंतर," तो डोळे न उघडता म्हणाला.

"मला सही नको. तुम्ही सरहद्दीवर कधी जाणार?"

त्यानं डोळे उघडले. माझी नखं पाहिली बहुधा. "पत्रकवाली तूच का? एन.सी.सी.वाली?"

"कधी जाणार?"

"परवानगी आली नाही. मॅनेजरला विचार."

"म्हणजे जाणार नाही."

"म्हणजे परवानगी आली नाही."

"त्या बायकांना तुम्ही 'मिळालं' असं लिहून दिलंय."

"मिळालं तेच लिहिलं. 'पोचलं' असं कुठं लिहिलंय?" असं म्हणून तो हसला, आणि मग ते हसू त्याला स्वतःलाच आवडलं नाही. "एक पुडकं फुटलं होतं वाटेत. ते आम्ही खाल्लं. खोटं कशाला बोलू. शेंगदाण्याची होती, लसूण घालून."

"तुम्ही तिथंच नाही म्हणायला हवं होतं."

"एवढ्या माणसांसमोर? त्या बाईला?"

"हो."

"तू म्हणाली असतीस?"

"हो. तोंडावर."

"मग तुझ्याकडं कुणी चटणी देत नसेल."

मी खूप जणांशी वाद घातलेत. कलेक्टर कचेरीत, रेशन दुकानात, कॉलेजच्या ऑफिसात. ह्या वेळी मी दाराशी जाऊन पोतं उचललं. जड होतं. तो मागून म्हणाला, "त्या पहिल्या आई. 'मिळालं'वाल्या. त्यांना काय सांगणार?"

"खरं ते."

"सांगा," तो म्हणाला आणि घमेल्यातला हात त्यानं हळूच उलटा केला. आता तो मला अहो-जाहो करत होता.

पोतं घेऊन मी आणि मैत्रीण टांग्यानं मिरजेला स्टेशनवर गेलो. उत्तरेकडं जाणाऱ्या गाडीला सुट्टी संपलेले जवान असतातच. त्या दिवशीही होते, काळ्या ट्रंकांवर बसलेले, बिड्या ओढत. मी गेले आणि सवयीनं भाषण सुरू केलं. फसवणूक, जनतेच्या भावना, वगैरे. एकानं मला मध्येच थांबवलं.

"ताई, त्ये असू द्या. पोत्यात काय हाय?"

पोतं प्लॅटफॉर्मवर रिकामं झालं. ते सगळे उकिडवे बसले आणि पुडक्यांवरचे पत्ते वाचू लागले. "ह्यो माज्या कंपनीतला." "ह्येचं लग्न झालं की रं परवा, ह्याला कशाला लाडू?" "ह्यो जम्मूकडं गेला, दे हिकडं, माजा भाऊ हाय तितं." टपाल वाटल्यासारखं ज्याचं त्याच्याकडं गेलं. ज्या पलटणीचं तिथं कुणी नव्हतं, ती पुडकी पुढच्या गाडीच्या माणसांना द्यायची असं ठरलं, आणि स्टेशनातला एक हमाल ती सांभाळायला तयार झाला. एकानंही मला हे सगळं कसं झालं असं विचारलं नाही. मी रागावलेली होते. माझा राग घ्यायला त्यांच्याजवळ वेळच नव्हता, गाडीला सिग्नल पडला होता.

काकूचं पुडकं एका उंच, काळ्या, समोरचा दात पडलेल्या जवानानं आमचं गाव विचारून घेतलं. "माजी पलटण दुसरी हाय, पन ह्यांचा तळ आमच्या शेजारीच. देतो."

"हातातच द्या. आणि तोंड बघून या."

"तोंड बगितल्याबिगर देतंय व्हय कोन?"

"पोच?" मी म्हणाले. माझ्या तोंडून ते कसं आलं कोण जाणे.

तो हसला. "कसली पोच, ताई? तुमच्या नदीच्या पल्याडचाच की मी. आलो की सांगतो की."

गाडी गेली. मी रिकामं पोतं झटकलं.

काकूला मी सगळं खरं सांगितलं. नट गेला नाही, जाणार नाही, पोतं दाराला लावलेलं होतं, मुंग्या लागल्या होत्या. मला वाटत होतं ती चिडेल. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, चिडलेल्या माणसाबरोबर काय करायचं ते मला येत होतं. ती भाकरी थापत राहिली.

"मग आपलं कुनाकडं दिलंस?"

"मिरजेला एका जवानाकडं. नदीच्या पलीकडचा आहे म्हणाला."

"नाव काय त्याचं?"

सह्या घेताना नाव, गाव, तालुका, जिल्हा विचारल्याशिवाय कुणाला न सोडणारी मी. त्याचं नाव विचारलंच नव्हतं.

"वळख पाळख?"

"एक दात नाही त्याला. पुढचा."

काकूनं थापणं थांबवून माझ्याकडं पाहिलं. "खरंच पोच न्हाई गं तुला," ती म्हणाली. रागानं नाही. दमल्यासारखी.

त्यानंतर बरेच महिने गेले. मी दुसऱ्या पत्रकांत गुंतले. धान्य महागलं, मग दुष्काळ पडला, मग खडी फोडायच्या कामावरची हजेरी, मग आणखी काही. सायक्लोस्टाइलचं यंत्र त्याच्या मालकाला परत गेलं आणि दुसरं आलं, तेही मागूनच आणलेलं. गावी गेले की काकू काही विचारत नसे. एस.टी. थांबली की मात्र हातातलं टाकून दाराशी येई, कोण उतरतंय ते बघे आणि आत जाई. तिच्याबरोबर मीही बघायला लागले होते. उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या मी दातांकडं बघे.

फोटो माझ्या धाकट्या बहिणीनं कॉलेजात नेला. तिथल्या मुलींकडं त्याच नटाचे 'सप्रेम'वाले बरेच होते. 'सप्रेम' खोडून 'मिळालं' असं लिहिलेला हा एकच, म्हणून त्यावर मोठी चर्चा झाली. काय मिळालं? कुणाला? एकीनं त्याच्या बदल्यात एका नटीचे दोन फोटो देऊ केले. बहिणीनं दिला नाही. पिशवीत ठेवून ती तो जपत असे. मी तिच्यावर ओरडले होते, ते काय जपायचं आहे म्हणून. ती म्हणाली, "काकूचा आहे."

तो आला तेव्हा मी गावीच होते. सुगी चालू होती, दुपार होती, काका ओसरीवर दोर वळत होते. एस.टी. गेली आणि धुरळ्यातून एक उंच माणूस विचारत विचारत आला, "ती चटणीवाली मावशी कुठं ऱ्हाती?" मी त्याला दाताच्या आधी ओळखलं.

काकू दारात आली. पदराला हात पुसत उभी राहिली. तिनं त्याला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. तिला धीर नव्हता.

"दिलं," तो म्हणाला.

"हातात?"

"हातात. तळावर गेलो न् नाव घेतलं तर ह्यो बूट पालिश करीत बसल्याला."

"कसा हाय?"

"बरा हाय. जाडा झालाय जरा. काळा पडलाय. मिशी ठिवलीया, पन तिला काय जोर न्हाई."

काकांचा दोर वळायचा थांबला. ते वर बघत नव्हते.

"काय म्हनला?"

जवानानं डोकं खाजवलं. खोटं काही रचावं असं त्याच्या मनात येऊन गेलं असावं, मला तसं वाटलं. "काय म्हनला न्हाई, मावशी. पत्ता बगितला, वास घेतला. घेतलं."

"घेतलं?"

"घेतलं."

मी पुढं झाले. घेतलं म्हणजे काय, काही निरोप, पत्र लिहीन म्हणाला का, घरी कधी येणार, बापाबद्दल काही, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. काकूनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि मी ते सगळं गिळलं. एवढी पोच तोवर मला आली होती.

"मग झालं," काकू म्हणाली. वळून आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, मग चुलीत काटक्या घातल्याचा.

काकांनी घोंगडं झटकून जवानाला बसायला जागा केली. मग दोराकडं बघतच विचारलं, "जाडा म्हंजी किती?"

"आता तुमच्या अंगाचा म्हना की."

"हं," काका म्हणाले आणि पुन्हा वळायला लागले.

आतून चहाच्या आधी दुसराच वास आला. जवानानं नाक वर केलं. "आवं मावशी, कारळं भाजताय व्हय? मी आत्ताच आलोय की सुट्टीवर. अजून घरला बी गेलो न्हाई."

"म्हणून काय झालं?" आतून काकू म्हणाली. "परत जानारच हायस की."